तळघरातल्या झुरळांसाठी जेल वापरलं, आखाजी ते संक्रांत, त्याचा अनुभव

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घर सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं, दगड-मातीचं, आणि माजघराच्या खाली तळघर आहे, दहा पायऱ्या उतरून जावं लागते. वर पंचेचाळीस डिग्री तापलं तरी खाली गार, म्हणून ज्वारी, गहू, तूर, गूळ, लोणच्याच्या बरण्या, लग्नातली मोठी भांडी सगळं तिथंच राहते. पण तो गारवा अन् ओल झुरळांनाही पाहिजे असते. मागच्या उन्हाळ्यात अशी वेळ आली की रात्री बॅटरी घेऊन खाली गेलं की भिंत हलल्यासारखी दिसे, मोठी मोठी तांबडी उडणारी झुरळं, आणि सासूबाईंनी तर गुळाच्या डब्याला हात लावणंच सोडलं होतं.

आधी सगळं करून पाहिलं. खडूच्या रेघा ओढल्या, ओलीत त्या पुसून जातात. बोरिक पावडर चांगली आहे, पण कोरडी असेल तरच, आमच्याकडे पावसाळ्यात तिचे गोळे झाले आणि झुरळं त्यावरून चालून राहिली. शेवटी आखाजीच्या आठवड्यात जेलची ट्यूब आणली, पुढं सुई असते तशी. त्यात इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक २.१५ टक्के आहे, ट्यूबवर लिहिलेलं असते, घेताना वाचून घ्या.

लावायची पद्धत महत्त्वाची आहे म्हणून सविस्तर सांगते. मोठे गोळे लावायचे नाही. मसुराच्या दाण्याएवढे थेंब, पण जागा भरपूर, पायऱ्यांच्या खालची सांद, कोठीच्या मागे, चौकटीच्या बिजागरीजवळ, जिथं झुरळांची काळी लेंडी दिसते तिथं. झुरळ ते खाते, आपल्या फटीत जाऊन मरते, आणि त्याची विष्ठा नाहीतर ते मेलेलं झुरळ बाकीची खातात, ती पण मरतात. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारला तर अर्धं सूप भरलं, खरंच सांगते, सासूबाई बघतच राहिल्या. मेलेली झुरळं रोज उचलून खड्ड्यात पुरायची, आमच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि त्यांच्या पोटात ते जायला नको. लहान पोट्टे असतील तर हात पोचेल तिथं थेंब लावूच नका.

मग एक चूक झाली. दोन आठवड्यांनी आमच्या ह्यांना दोन-चार झुरळं दिसली आणि त्यांनी दुकानातला स्प्रे आणून सगळ्या भिंतींवर मारला, जेलवर पण. त्यानंतर झुरळं त्या थेंबांकडे फिरकेनात, थेंब तसेच वाळून गेले. स्प्रेच्या वासानं झुरळ ती जागाच सोडते आणि दुसऱ्या फटीत जाते, म्हणजे आमिषाचा काही उपयोग राहत नाही. ओल्या फडक्यानं भिंती पुसून पुन्हा नव्यानं लावलं. दोन्ही एकत्र करू नका ही माझी हात जोडून विनंती आहे.

जुलैत पुन्हा धक्का बसला, बारकी बारकी पिल्लं दिसायला लागली. मला वाटलं पैसे पाण्यात गेले. पण जेलनं अंडी मरत नाहीत. ह्या मोठ्या झुरळाची अंड्याची डबी असते, तुरीच्या दाण्याएवढी, काळपट, तिच्यातून चौदा-पंधरा पिल्लं निघतात, आणि फुटायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून दीड महिन्यानं दुसरा हात द्यायचाच. तो दिला आणि पोळ्यापर्यंत जवळपास सगळं थांबलं.

पण खरा फरक पडला तो पाण्यानं, म्हणजे पाणी बंद केल्यानं. न्हाणीचं सांडपाणी भिंतीलगतच्या नालीतून जाते, ती नाली फुटलेली होती आणि भिंत आतून पाझरत होती, आम्हाला कित्येक वर्षं कळलंच नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाया हलतो, फटी पडतात, आणि त्याच फटीतून हे सगळं आत येते. झुरळ उपाशी महिनाभर काढते, पाण्याशिवाय तेवढं टिकत नाही. नाली नवी केली, फटी सिमेंटनं बुजवल्या, धान्याच्या कोठ्या भिंतीपासून हातभर दूर पाटांवर ठेवल्या. हे नसतं केलं तर मी दर दोन महिन्यांनी ट्यूब विकतच घेत राहिले असते.

जेलनं काय होत नाही तेही सांगते. उधईला काही होत नाही, तिचं औषध वेगळं, आणि सागवानी चौकटीला मातीची नळी दिसली की लगेच माणूस बोलवा. ज्वारीतल्या सोंड्यांनाही नाही, कारण तो किडा दाण्याच्या आतच वाढतो. त्यासाठी आम्ही धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात वाळवलं, पत्र्याच्या कोठीत वाळलेला कडूनिंबाचा पाला घातला.

विंचवांचं मात्र बरं झालं, ते मी धरून नव्हते. दर पावसाळ्यात चार-पाच निघायचे, ह्या वर्षी एकच. विंचू झुरळं खातो, खायला नाही तर तो कशाला येईल. मुलानं नोटा तपासायची जांभळी लाईट आणली होती, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, तेव्हापासून खाली उतरताना आधी ती फिरवतो. चावलाच तर मंत्र-उतारा करत बसू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्यावर काम केलं ते प्राझोसिन नावाचं औषध त्यावर देतात, त्यात वेळेला फार किंमत आहे.

आता जे लिहायसाठी मी बसले ते. आमच्या शेजारचे काका म्हणाले, "काऊन एवढा खटाटोप, कपाशीचं औषध उरलं हाये ना, मार एक पंप." दुसऱ्यानं धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या खाली ठेवून दार लावून घ्या म्हणून सांगितलं. कृपा करून असलं काही करू नका. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात उघड्या वावरात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, मग बंद तळघरात ते मारलं तर काय होईल. आणि सल्फासच्या गोळीला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, तो बंद तळघरात साचतो आणि फटीतून वर झोपायच्या खोलीतही येतो, आणि त्याच्यावर नेमका उतारा नाही. आमच्या माजघरात रात्री पोरं झोपतात, खाली फक्त फळ्या आहेत.

आतापर्यंत तीन ट्यूबा लागल्या, एकेक दोन-अडीचशेची. सासूबाई स्वतः खाली जाऊन गूळ काढून आणतात, संक्रांतीचे लाडू त्याच गुळाचे झाले. उत्तरेकडच्या कोपऱ्यात एक फट राहिली आहे, तिथं महिन्यातून एखादं झुरळ अजून दिसते. गवंडी हरभरा निघाल्यावर येतो म्हणाला.