बँकेचा अधिकारी म्हणून भेटलेला माणूस : गृहकर्जातील फसवणुकीचा अनुभव

बेळगाव परिसरात घरासाठी कर्ज काढणाऱ्याने व्याजाचा दर विचारण्याआधी समोरचा माणूस कोणाच्या पगारावर आहे हे विचारले पाहिजे, असे माझे आता पक्के मत झाले आहे. ते कशामुळे झाले हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

माझा धाकटा भाऊ उद्यमबागेतील एका फौंड्रीत नोकरीला आहे. २०२५ च्या आरंभी त्याने हिंडलग्याच्या बाजूला ३० लाखांचे घर ठरवले, तेव्हा घर बांधणाऱ्याच्याच कार्यालयात एका गृहस्थाने आपण एका राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज अधिकारी असल्याचे सांगून त्याची कागदपत्रे ताब्यात घेतली. “तुम्ही शाखेत कशाला हेलपाटे घालता? साडेआठ टक्क्यांनी मंजुरी मी घरपोच आणतो,” असे आश्वासन देऊन त्याने फाईल खर्चाचे १८,००० रुपये रोख घेतले आणि पावती दिली नाही. पुढे, ग्रामपंचायतीचा नाईन-इलेव्हन उतारा (मालमत्तेच्या नोंदीचे नमुना ९ व ११ हे कागद) बँकेला चालत नसल्याने फाईल नामंजूर झाली, असे सांगून त्याने एका खासगी गृहवित्त कंपनीचे अर्ज पुढे केले. घराचा इसार देऊन झाला होता, खरेदीची मुदत जवळ आली होती, आणि ई-स्वत्तू या ग्रामपंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीतले हेच नमुने, बोजाचा दाखला, खरेदीपत्राचा मसुदा हे सर्व कन्नडमध्ये होते. मराठी शाळेत शिकलेल्या भावाला त्या कागदांत खरोखर अडचण आहे की नाही हे सांगणारा तो एकच माणूस होता. सीमाभागातील आपल्या लोकांची ही अडचण अशा मध्यस्थांना चांगली ठाऊक असते.

मागितलेले कर्ज २४ लाखांचे होते; खात्यावर चढले २५ लाख १० हजार. वरची रक्कम कर्जदाराच्या आयुर्विम्याच्या एकरकमी हप्त्याची होती, आणि त्याविषयी ‘कंपनीचा नियम आहे’ एवढेच सांगण्यात आले होते. व्याज साडेआठऐवजी सव्वादहा टक्के लागले. वीस वर्षांच्या मुदतीत जो हप्ता सुमारे २०,८०० रुपयांचा व्हायचा, तो २४,६०० च्या पुढे गेला. विम्याची रक्कम कर्जातच घातल्यामुळे तिच्यावरही वीस वर्षे व्याज चालणार होते, म्हणजे १ लाख १० हजारांच्या विम्यापोटी एकूण सुमारे २ लाख ५९ हजार रुपये भरावे लागणार होते. मध्यस्थाची दलाली वाटप झालेल्या कर्जाच्या रकमेवर ठरते. ती रक्कम फुगली की त्याचाच लाभ होतो.

त्याच वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे बँकेच्या हाती नसलेल्या बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली असल्याने भावाच्या सहकाऱ्यांचे दर उतरले. त्याचा दर मात्र हलला नाही, कारण गृहवित्त कंपन्यांना तो नियम लागू नाही. त्या स्वतः ठरवलेल्या मूळ दराला कर्ज जोडतात.

तेव्हा आम्ही भावाचा क्रेडिट रिपोर्ट काढला. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून असा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, आणि कर्जाच्या अर्जावरून कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला चौकशी केली हे त्यात दिसते. त्या बँकेचे नाव तेथे कोठेच नव्हते. शाखेत जाऊन विचारल्यावर उलगडा झाला : भावाचा अर्ज त्यांच्याकडे आलाच नव्हता, आणि तो गृहस्थ त्यांचा कर्मचारी कधीच नव्हता. तो त्या गृहवित्त कंपनीसाठी कमिशनवर काम करणारा डीएसए, म्हणजे कर्जाची गिऱ्हाइके आणून देणारा एजंट, होता. ज्या नाईन-इलेव्हन उताऱ्याचे कारण त्याने पुढे केले होते, तोच उतारा त्या शाखेने नंतर विनातक्रार स्वीकारला. हे कळल्यावर भावाला झालेला मनस्ताप मी जवळून पाहिला आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी व खर्चांचे विवरण, देणे बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, त्यातील मजकूर त्याला समजावून दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. सर्व शुल्के धरून पडणारा वार्षिक दर त्यात लिहावा लागतो. जे शुल्क त्यात नाही ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. भावाला दिलेला कागद इंग्रजीत होता, आणि ‘समजले’ या छापील ओळीखाली त्याची सही इतर सह्यांच्या ओघात घेतलेली होती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी कर्जदाराने हे विवरण मराठीतच मागावे; तो त्याचा हक्क आहे.

कंपनीने दाद न दिल्यावर आम्ही गृहवित्त कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल हाउसिंग बँकेकडे तक्रार केली. विमा परत करण्याची ३० दिवसांची मुदत पॉलिसी हाती पडल्यापासून मोजली जाते, आणि अर्जात त्या मध्यस्थाने स्वतःचाच ई-मेल पत्ता घातल्यामुळे पॉलिसी भावाला मिळालीच नव्हती; हे दाखवून दिल्यावर विमा कंपनीने किरकोळ वजावट करून रक्कम कर्जखात्यात जमा केली. कर्ज बदलत्या व्याजाचे असल्यामुळे मुदतीआधी फेडण्याचा दंड लागला नाही, आणि ते आता त्या बँकेकडे वळवले आहे. रोख दिलेले १८,००० रुपये मात्र मिळाले नाहीत. पावती नसल्याने, आपण ते घेतलेच नाहीत, असे त्या माणसाने लेखी कळवले आहे.