ट्राउटसाठी घेतलेली फ्लोट ट्यूब आणि हिप्परग्याचे पाणी

फ्लोट ट्यूब म्हणजे काय, हे सोलापूर शहरात समजावून सांगावे लागते. हिप्परग्याच्या एकरुख तलावावर मात्र ते कोणालाही सांगावे लागत नाही, कारण तिथले मासेमार ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकताना मी शाळेत असल्यापासून पाहत आलो आहे. फ्लोट ट्यूब ही त्याच कल्पनेची पाठ टेकायची सोय असलेली, खिसे शिवलेली आणि अर्थातच महागडी आवृत्ती आहे. गेल्या मे महिन्यात कॅनडात कॅम्लूप्स येथे मुलीकडे गेलो असताना तलावातील ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कीटकासारखा दिसणारा हलका नकली गळ (फ्लाय) टाकून करायच्या मासेमारीसाठी, मी ती विकत घेतली, दोन आठवडे तिथे वापरली आणि हिवाळ्यात एकरुखच्या पाण्यात उतरवली. ट्यूबला सुमारे दोनशे कॅनेडियन डॉलर, म्हणजे बारा हजार रुपयांच्या आसपास पडले. पायांनी पाणी मारत जाण्यासाठी पायांत घालायच्या वल्ह्यासारख्या फिन्स आणि छातीपर्यंत येणारे, पाणी आत न येऊ देणारे वेडर्स यांचा खर्च वेगळा झाला.

ही ट्यूब यू आकाराची आहे. पुढची बाजू उघडी असल्यामुळे फिन्स घातलेले पाय उचलून कडे ओलांडावे लागत नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही गोष्ट पाण्याच्या काठावर फार मोलाची वाटते. जाड नायलॉनच्या खोळीत हवेचा मुख्य फुगा असून पाठीचा फुगा वेगळा आहे, त्यामुळे एकातील हवा गेली तरी दुसऱ्याच्या आधाराने काठ गाठता येतो. तरीही लाइफ जॅकेटशिवाय तिच्यात बसणे मूर्खपणाचे आहे. मांडीवर ताणून लावायचा जाळीचा पडदा ही यातली सर्वांत उपयोगी वस्तू, कारण ओढून घेतलेली दोरी त्यावर पडते आणि पायांत गुंतत नाही. हवा काढली की सगळे एका मध्यम पिशवीत मावते. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या बर्थखाली ती पिशवी कोणाच्या नजरेलाही आली नाही.

ट्राउटसाठी ही वस्तू किती योग्य आहे, ते मला सवोना आणि लोगन लेक यांच्यामधल्या टंक्वा तलावावर कळले. तिथल्या रेनबो ट्राउटचे बरेचसे खाणे म्हणजे काइरोनोमिड, म्हणजे न चावणाऱ्या चिलटासारख्या कीटकाचे कोष, जे तळाच्या गाळातून हळूहळू वर येतात. त्या कोषाची नक्कल असलेली बारीक फ्लाय तरंगणाऱ्या खुणेखाली, तळापासून फूटभर वर, जवळजवळ स्थिर लटकवावी लागते, आणि नेमके हेच काम या ट्यूबला नीट जमत नाही. वाऱ्याची झुळूक आली की ती सरकते, आणि माझ्या ट्यूबला नांगराची सोय नाही. उलट बुडणारी दोरी सोडून, जळवेसारखी दिसणारी वुली बगर फ्लाय बांधून, पायांनी सावकाश मागे मागे जात राहिले, तर ट्यूबसारखे दुसरे साधन नाही. प्रत्येक लाथेसरशी फ्लाय थोडी पुढे सरकून वर उठते आणि पाय थांबले की खाली बसते. ही चाल हाताने साधायला मला कित्येक वर्षे लागली असती. इंजिनाचा आवाज नाही, वल्ह्याची खळबळ नाही. एक मासा तर माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर येऊन फ्लायमागे वळला आणि तिला तोंड न लावता निघून गेला.

बसण्याची उंची पाण्यालगत असल्यामुळे फेक मात्र आखूड पडते. नऊ फुटी काठीने दोरी मागे झुलवली की ती पाण्यावर आपटे. दहा फुटी काठी घेतल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

ट्यूबबरोबर घेतलेल्या फिन्सबद्दल माझी तक्रार आहे. त्यांचा पट्टा टाचेवरून निसटतो आणि त्या बुडतात. पहिल्याच दिवशी एक फिन गमावून मी अर्धा तास एकाच पायाने गोल गोल फिरत काठाला लागलो, तेव्हा काठावरची मुलगी मदत करायची सोडून हसत होती. घोट्याला दोरीने बांधून ठेवण्याची सोय असलेल्या फिन्सच घ्याव्यात.

एकरुखवर ट्राउट नाही आणि असणारही नाही; दहा ते सोळा अंशांच्या पाण्यात खूश राहणारा तो मासा सोलापूरच्या उन्हाळ्यात एक दिवसही टिकणार नाही. मी तिथे मासेमारांच्या सोसायटीच्या लोकांना विचारून, चिलापीसाठी आणि मुख्यतः सरावासाठी उतरलो. वेडर्सची गरज लागली नाही, पण इतर अडचणी निघाल्या, ज्यांचा विचार ही ट्यूब बनवणाऱ्यांनी केलेला नसावा. पहिली अडचण वेड्या बाभळीची. १८७१ मध्ये बांधून झालेल्या या जुन्या तलावाच्या काठावर तिचे काटे सर्वत्र पसरलेले असतात, आणि त्यांतला एक नायलॉनची खोळ भेदून आत गेला. पंक्चरवाल्याने फुगा पाण्याच्या टबात बुडवून बुडबुड्यांची जागा क्षणात दाखवली, पण हा फुगा रबराचा नसल्यामुळे त्याच्या गरम पॅचचा उपयोग नव्हता. त्याला व्हिनाइलचे वेगळे चिकटद्रव्य लागते आणि ते सोबत ठेवावेच लागते. दुसरी अडचण हवेची. सकाळी गच्च भरलेली ट्यूब काठावर उन्हात ठेवली तर फुगून शिवणी ताणते, म्हणून काठावर ती थोडी सैल ठेवावी; पाण्यात उतरल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते, तेव्हा पुन्हा थोडी भरावी. तिसरी अडचण खरोखर धोक्याची आहे: ट्यूबमध्ये आपण पाठमोरे जातो, त्यामुळे मागे लावलेले जाळे दिसत नाही आणि फिन त्यात अडकते. संध्याकाळी जाळी लागण्याआधी बाहेर पडावे. येताना वारा पाठीशी मिळावा म्हणून निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, हा नियम टंक्वावरही होता, पण सोलापूरच्या मे-जूनच्या वाऱ्यात तोही पुरत नाही. तेव्हा ट्यूब घरीच बरी.

एका मासेमाराने ती चारी बाजूंनी निरखून किंमत विचारली आणि म्हणाला, “साहेब, एवढ्यात माझ्या ट्यूबा किती आल्या असत्या!” त्याच्या कामापुरते त्याचे म्हणणे मला मान्य आहे. जाळी टाकणाऱ्याला पाठीची गादी लागत नाही. पण वर्षातून एकदा का होईना ट्राउटच्या तलावावर जाणाऱ्याने, आणि चार-पाच तास हाती फ्लाय रॉड धरून बसणाऱ्याने, ही ट्यूब जरूर घ्यावी. फक्त सोलापुरात वापरायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हौसेपोटी बारा हजार घालू नयेत. माझी ट्यूब येत्या मेमध्ये परत कॅम्लूप्सला जाणार आहे. उरलेली एक फिन मात्र इथेच राहील.