ऑन-ग्रिड की हायब्रिड? ग्रिड ठप्प झाल्यावरचा हिशेब

छतावर सोलर बसवायचं पक्कं असेल, तर खरी निवड इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची: साधा ऑन-ग्रिड की बॅटरीवाला हायब्रिड?

ऑन-ग्रिड स्वस्त, सुटसुटीत, जादा वीज ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला देणारा. लाइट क्वचित जात असेल आणि फक्त बिल कमी करायचं असेल, तर त्याला नावं ठेवायला जागा नाही. आमच्याकडे आधी तोच होता.

मला खटकली एकच गोष्ट. भर दुपारी लाइट जायची. वर पॅनेल उन्हात तळपत असायचे आणि खाली पंखा बंद. हा बिघाड नव्हे. ग्रिड गेल्यावर ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने बंद व्हायलाच हवं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरची वीज झटका देईल. नियम अगदी योग्य आहे, पण आपली हक्काची वीज ऐन गरजेला हाताशी नसते.

तासाभराचा प्रश्न असेल तर निभावतं. पण सगळं ग्रिडच बसलं तर? ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज गेली ती दुपारी एकच्या सुमारास. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्येही भर दिवसाच. छतावर पॅनेल असूनही बॅटरीचा आधार नसलेली घरं तिथे शेजाऱ्यांसारखीच विजेविना राहिली. आणि बसलेलं ग्रिड लगेच उठत नाही. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे फिरवायलाच बाहेरून वीज लागते. म्हणून आधी जलविद्युतसारखं स्वतःच्या बळावर सुरू होणारं केंद्र उठवायचं, मग तिथून टप्प्याटप्प्याने लाइनमध्ये वीज सोडत पुढच्या केंद्रापर्यंत पोचायचं. यात तासन् तास जातात.

हायब्रिड आल्यापासून लाइट गेलेली आम्हाला बहुतेक वेळा कळतही नाही. राउटरसुद्धा बंद पडत नाही. बॅटरी महाग असते, थकते, कधीतरी बदलावी लागते, आणि सलग ढगाळ हवेत तिचीही मर्यादा दिसते. तुमची गरज वेगळी असू शकेल. पण घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल, किंवा फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर नुसता ऑन-ग्रिड घ्या असं माझ्याने सांगवणार नाही.

हायब्रिड घेताना बॅकअपचं वायरिंग वेगळं काढून घ्या. त्यावर दिवे, पंखे, फ्रिज, राउटर एवढंच ठेवा. पाण्याची मोटर नको. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.