पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं, पत्र तिसऱ्याला: सिव्हीसीआरएमसोबतचे अकरा महिने

आमच्या संस्थेत दर शनिवारी दुपारी देणग्या घ्यायला मी बसते. सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा, बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलामुलींना दोन वेळचं जेवण, आणि त्यासाठी लागणारा पैसा जवळजवळ सगळा लहान देणग्यांतून येणारा. ५०१, १,००१, क्वचित २५,०००. वर्षाला सहा-सातशे पावत्या होतात. आधी कार्बन घालून पावतीपुस्तकात फाडायचो आणि महिनाअखेरीला स्थळप्रतींवरून एक्सेलमध्ये चढवायचो. सप्टेंबर २०२४ पासून हे सगळं सिव्हीसीआरएम या देणगी-नोंदीच्या सॉफ्टवेअरवर करतोय. २०२५ च्या मे महिन्यातलं १०बीडीसुद्धा (आयकर खात्याला द्यायची देणग्यांची यादी) त्याच्याच नोंदींवरून भरलं. ओळखीच्या दोन-तीन संस्थांनी अनुभव विचारला, म्हणून एकदाच नीट लिहिते.

हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००५ पासून चालू असलेलं आणि खास सामाजिक संस्थांसाठीच बनवलेलं. परवान्याचे पैसे नाहीत. संस्थेची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर तिथेच बसतं. सर्व्हरचं भाडं आणि सुरुवातीला बसवून देणाऱ्याची मजुरी मात्र धरून चाला. आम्ही त्याच्याकडून दोन रविवार शिकूनही घेतलं, ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले.

आम्ही याकडे का वळलो ते सांगते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जीच्या, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणाऱ्या, देणग्यांची यादी संस्थेने १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरायची असते. देणगीदाराचा पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, नाव, पत्ता, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ती कशी दिली, एवढं त्यात लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. यादी भरली की पोर्टलवरून प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि करातली सूट त्यावर मिळते. नुसत्या छापील पावतीवर आता भागत नाही.

आमच्या पावतीपुस्तकात 'नाव' अशी एकच ओळ होती. २०२३ मध्ये एका सूनबाईंनी सासऱ्यांच्या स्मरणार्थ १०,००० रुपये पाठवले. स्थळप्रतीवर नाव सासऱ्यांचं लिहिलं गेलं. आडनाव एक, पत्ता एक, म्हणून यादीत पॅन चढला तो त्यांच्या यजमानांचा. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना सूनबाईंच्या लक्षात आलं. त्या ऑफिसात आल्या, आवाज जराही चढवला नाही, फक्त म्हणाल्या, "पैसे माझ्या पगारातले होते हो." आम्ही सुधारित यादी भरली, त्यांचं प्रमाणपत्र त्यांना मिळालं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. देणगीदाराची ओळखच आम्ही पुसली होती.

सिव्हीसीआरएममध्ये मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. देणगी ज्याच्या खात्यातून आली त्याच्याच नावावर चढते, आणि ती कुणाच्या स्मरणार्थ किंवा कुणाच्या सन्मानार्थ आहे ते त्याच नोंदीला वेगळं जोडता येतं. त्याला ते 'सॉफ्ट क्रेडिट' म्हणतात. सासऱ्यांची नोंद वेगळी, सूनबाईंची वेगळी, दोघांमधलं नातंही नोंदलेलं. पॅन फक्त पैसे देणाऱ्याचा. शिवाय 'पत्र कोणाला पाठवायचं' असा एक रकाना आम्ही स्वतः वाढवला, कारण कितीदा तरी पैसे बंगळुरूच्या मुलाचे असतात, नाव वडिलांचं असतं आणि पत्र कोथरूडला राहणाऱ्या आईच्या हातात पडायला हवं असतं.

तसाच रकाना नागरिकत्वाचाही ठेवा. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय धरली जात नाही, पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय ठरते, मग रक्कम रुपयांत का असेना. आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्या घ्यायला लागणारी, नोंदणी नाही, त्यामुळे अशा वेळी नम्रपणे नाही म्हणावं लागतं. पैसे जमा झाल्यावर परत करण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

दुसरी आवडलेली गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. प्रत्येक देणगीला 'पावतीची तारीख' आणि 'आभाराची तारीख' असे दोन वेगळे रकाने आधीपासूनच आहेत. पूर्वी पावती गेली की आमचं काम संपायचं. आता शनिवारी बसल्या बसल्या मी एक यादी काढते: पावती गेलेली, आभाराची तारीख रिकामी. मग फोन लावते किंवा दोन ओळी हाताने लिहिते. त्यातून काय काय कळतं! एका काकांनी सांगितलं, ते स्वतः १९७० च्या सुमाराला पुण्यात वार लावून जेवले होते. दर महिन्याला येणाऱ्या त्या ५०१ च्या मागे हे होतं, आणि इतक्या वर्षांत आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

डिसेंबरात एक आजी रुमालात बांधून ५,००१ रुपये रोख घेऊन आल्या. २,००० च्या वर रोख दिली तर ८०जीची सूट मिळत नाही, हे मी आधीच सांगितलं, चेक द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "सूट कशाला बाई? पावतीवर ह्यांचं नाव येऊ दे. देवापुढे ठेवायचीय." पॅन नव्हता, आधार क्रमांक दिला, १०बीडीला तोही चालतो. देणगीदार म्हणून आजींचं नाव आणि खाली '... यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ' अशी पावती मी समोरच छापून दिली. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, ह्यांच्या नावावरून बोट फिरवलं आणि रुमालात ठेवली. पॅन-आधारचे रकाने फक्त दोघांनाच दिसतील असं आम्ही करून घेतलंय. हे पहिल्याच दिवशी करा.

त्या पावतीवरचं 'स्मृतिप्रीत्यर्थ' सरळ यायला मात्र आम्हाला तीन आठवडे लागले होते. सुरुवातीला पीडीएफमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जायचा आणि जोडाक्षरं सुटी पडायची. सर्व्हरवर पीडीएफसाठी डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे इंजिन लावलं आणि प्रश्न मिटला. बसवून देणाऱ्याला पहिल्या भेटीतच मराठी पावती छापून दाखवायला सांगा.

आपल्याकडचं जे त्यात मुळात नाहीच, ते म्हणजे तिथी. आमचे कितीतरी देणगीदार कायम निधीत रक्कम देतात आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला त्यांच्या माणसाच्या नावाने जेवण होतं. 'श्रावण शुद्ध नवमी' या सॉफ्टवेअरला तारीख म्हणून कळत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तेव्हा वहीवरून काम करताना आम्ही दोन घरांना अधिकातल्या तिथीची पत्रं धाडली आणि निजातलं जेवण चुकता चुकता राहिलं. आता देणगीदाराच्या नोंदीत मास-पक्ष-तिथी असा एक रकाना आहे आणि शेजारी 'यंदाची तारीख'. गुढीपाडव्याला पंचांग समोर ठेवून आम्ही तिघं त्या तारखा भरतो. पुढचं काम सॉफ्टवेअर करतं: तारखेच्या पंधरा दिवस आधी घरच्यांना आठवणीचा मेल आपोआप जातो, जेवायला या म्हणून.

क्यूआर कोडवरून येणाऱ्या देणग्यांचा प्रश्न मात्र या सॉफ्टवेअरनेही सुटत नाही. बँकेच्या उताऱ्यात अर्धवट नाव आणि एक लांबलचक क्रमांक, बस. नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर ती निनावी देणगी धरली जाते, आणि अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. आम्ही क्यूआरच्या खाली फोन नंबर मोठ्या अक्षरात छापला आणि 'पैसे पाठवल्यावर नाव-पत्ता कळवा' असं लिहिलं. बरेच लोक कळवतात.

किरकोळ दोन गोष्टी. सॉफ्टवेअर देणगीला स्वतःचा क्रमांक देतं, तो पावती क्रमांक म्हणून वापरू नका. अर्धवट राहिलेल्या ऑनलाइन नोंदीही तो क्रमांक खातात आणि ऑडिटरला मधल्या जागांचा हिशोब देत बसावं लागतं. पावती क्रमांकाचा रकाना वेगळाच ठेवा. आणि १०बीडीचा तक्ता त्यात आयता मिळत नाही. यादी काढून आयकराच्या नमुन्यात रकाने जुळवावे लागतात. आमची एक दुपार गेली. आधी अख्खा मे महिना जायचा.

वर्षाला शंभर-दीडशे पावत्या असतील तर नीट आखलेली एक्सेल शीट पुरेल, फक्त तीत देणारा, ज्याच्या नावे तो आणि पत्र जायचं तो असे तीन रकाने वेगळे करा. त्याहून जास्त असतील आणि आठवड्यातले चार तास देणारं एक माणूस असेल, तर हे जरूर घ्या.

येत्या शनिवारी पितृपक्षातल्या तिथींची यादी काढायची आहे. मेल नसलेली बेचाळीस घरं आहेत, त्यांची पत्रं गणपती बसायच्या आत पोस्टात पडायला हवीत.