लॉ फर्ममध्ये असोसिएट व्हायचं की बीडीत जायचं?

कायद्याची पदवी झाली, लॉ फर्मचं जगही आवडतं, पण रात्र रात्र करारांचे मसुदे चाळायची हौस नाही, असं सांगणारी मुलं मला बिझनेस डेव्हलपमेंटबद्दल, म्हणजे फर्मसाठी काम मिळवणाऱ्या आणि क्लायंट टिकवणाऱ्या बीडी खात्याबद्दल विचारतात. मी स्वतः याच खात्यात आहे, तेव्हा माझं पारडं जरा झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

हे खातं तसं अलीकडचं. अमेरिकेत वकिलांना जाहिरातीची मोकळीक मिळाली ती १९७७ च्या बेट्स खटल्यामुळे. भारतात बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करून काम मिळवू देत नाही. २००८ पासून वेबसाइटवर ठरावीक माहिती तेवढी देता येते. नियम जितके कडक, तितका भर रँकिंग, लेख, परिसंवाद आणि असलेला क्लायंट टिकवण्यावर.

असोसिएटचं, म्हणजे फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाचं, मोजमाप तासांत होतं. मोठ्या अमेरिकी फर्ममध्ये वर्षाला १,८०० ते २,००० बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा, तासांचं लक्ष्य सर्रास दिसतं, आणि तेवढे बिल व्हायला ऑफिसात बसावं लागतं त्याहून बरंच जास्त. बीडीत सहसा असलं लक्ष्य नसतं. रात्री जागावं लागतं ते पिच, म्हणजे काम मिळवण्यासाठी क्लायंटपुढे मांडायचा प्रस्ताव, उद्या सकाळी द्यायची असते म्हणून. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या: फर्मच्या हिशोबात असोसिएट जमेच्या बाजूला असतो, बीडी खर्चाच्या. काम आटलं की कात्री कुठे आधी लागेल ते उघड आहे. मोठ्या फर्ममध्ये सुरुवातीचा पगारही साधारणपणे असोसिएटचाच जास्त. बीडीची शिडी मॅनेजर, डायरेक्टर, फार तर सीएमओ, म्हणजे मार्केटिंग प्रमुखापर्यंत जाते. पार्टनर, म्हणजे फर्मचा भागीदार, होण्याची वाट इथून जवळजवळ नाहीच.

मग पदवीचा उपयोग काय? लॉ फर्मची क्रमवारी लावणाऱ्या चेंबर्सच्या रँकिंगचा अर्ज घ्या. फर्मच्या एका कार्यक्षेत्रासाठी जास्तीत जास्त २० प्रकरणं, आणि रेफरी, म्हणजे फर्मच्या कामाबद्दल सांगू शकणारे क्लायंट, द्यायचे. पार्टनरकडून ओळ येते: ‘क्लायंटला शेअर खरेदी कराराबाबत सल्ला दिला.’ संपलं. आता करार तुम्ही उघडायचा. विक्रेते चार, मंजुऱ्या दोन देशांतल्या, आणि सगळं घोडं नुकसानभरपाईच्या कलमाशी अडलेलं, हे शोधून तीन ओळींत मांडायचं. कायदा न शिकलेला सहकारीही हे करतो, पण त्याला पार्टनरकडे चार खेपा घालाव्या लागतात, आणि पार्टनर दुसऱ्या खेपेलाच वैतागतो. शिवाय कुठलं प्रकरण गोपनीय रकान्यात जायला हवं, याचा अंदाज तुम्हाला वाचतानाच येतो. तिथे चूक झाली तर क्लायंटचा फोन थेट मॅनेजिंग पार्टनरला.

बीडी आणि मार्केटिंग एकाच टीममध्ये असले तरी काम वेगळं. वेबसाइट, न्यूजलेटर, लिंक्डइन, कार्यक्रम हे मार्केटिंगचं. तिथे पदवी असली तर बरी, नसली तरी अडत नाही. पिच, मोठे क्लायंट सांभाळणं, कर सल्ल्यासाठी आलेल्याला फर्मच्या खटले-तंटे हाताळणाऱ्या टीमशी जोडून देणं हे बीडीचं.

खुपणारी गोष्टही सांगतो. तीन आठवडे खपून केलेली पिच जिंकली, अभिनंदनाचा मेल आला, त्यात पार्टनरचं नाव होतं आणि दोन असोसिएटची होती. आमचं नव्हतं. पहिल्यांदा लागतं. ज्याला दर वेळी लागेल, त्याने इकडे न आलेलं बरं.

निर्णय होत नसेल तर आधी दोन-तीन वर्षं प्रॅक्टिस करा. बीडीतून प्रॅक्टिसकडे परतणं वर्षागणिक कठीण होतं, उलट दिशेने येणं सोपं. शिवाय ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे सौद्याआधीच्या कागदपत्रांच्या छाननीत, भरडून निघालेल्या माणसाशी पार्टनर वेगळ्या सुरात बोलतात.

तोवर एक करून बघा. एखादा ताजा निकाल घ्या आणि कंपनीच्या वित्त प्रमुखाला कळेल असा १५० शब्दांत लिहा. खटल्यांचे दाखले छाटताना मजा आली, की प्रत्येक दाखला टाकताना जिवावर आलं?