टेबलाच्या निमित्ताने सोलापुरातील एक वखार
दुसरीतल्या मुलीसाठी घरीच अभ्यासाचे टेबल करायचे ठरवून मी सोलापुरातील एका वखारीतून सागवान घेतले. फळ्या दिलेल्या मापात, नेमक्या काटकोनात कापून आणि रंधा मारून मिळाल्यामुळे सांधे जुळवताना पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) फारशी चालवावी लागली नाही. मात्र ‘पूर्ण वाळलेले’ म्हणून दिलेले लाकूड तसे नव्हते, आणि येथील कोरड्या उन्हाळ्यात ते रुंदीत आकसून वरच्या दोन चिकटवलेल्या फळ्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. (लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते, म्हणून आकसताना फळीला सरकता यावे यासाठी स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवायला हवी होती, ही चूक माझी.) तक्रारीनंतर फळी कुरकुर न करता बदलून मिळाली, परंतु टेम्पोचे भाडे पुन्हा मलाच भरावे लागले.