लाइटनरचा खोका, आठ महिन्यांनंतर: पद्धत उत्तम, लग्नपत्रिका वाईट

गेल्या गुरुवारी जर्मनच्या क्लासमध्ये मॅडमनी मला विचारलं, "काटा-चमच्यातला काटा. आर्टिकलसकट सांगा." (आर्टिकल म्हणजे नामाआधी लागणारं 'डेर', 'दी' किंवा 'दास': अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी.) माझी पाटी कोरी. हा शब्द माझ्या उजळणीच्या कार्डांच्या खोक्यात पाचव्या कप्प्यात, म्हणजे पक्क्या झालेल्या पेन्शनर शब्दांच्या कप्प्यात, दीड महिना आरामात बसलेला. घरी एकदाही चुकलेला नाही. परत येताना बसमध्ये दांडी धरून उभा असताना उत्तर आठवलं आणि मघाशी ते का सुचलं नाही तेही कळलं. त्या कार्डाच्या, म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याच्या, कोपऱ्यात गुलाबी अक्षरांत छापलंय, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' मी जर्मन पाठ केलंच नव्हतं. मामाचं लग्न दिसलं की 'दी गाबेल' म्हणायचं, एवढंच पाठ केलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी हा अनुभव लिहिला असता तर नुसती आरती ओवाळली असती.

खोका कसा चालतो हे बहुतेकांना माहीत असेल. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने 1972 साली मांडलेली पद्धत. पाच कप्पे, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढे, चुकलं की थेट पहिल्यात. मूळ पद्धतीत कप्पा भरला की उजळणी करायची असते. मला ते झेपलं नाही, म्हणून मी दिवस नेमले: पहिला रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा रविवारी, चौथा एक तारखेला, पाचवा तीन महिन्यांनी. खोका बुटांचा, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. आणि कार्डं म्हणून घरात साठलेल्या लग्नपत्रिका. त्यांचा जाड कागद बाजारात विकत घ्यायचा म्हणजे पैसे, आणि इथे थप्पी पडलेली. बायकोची एकच अट, गणपती कापायचा नाही. त्यामुळे गणपतीचे चौकोन देव्हाऱ्यामागे आणि उरलेलं सगळं जर्मनला.

कोऱ्या बाजूवर उत्तर, कारण तिथे आर्टिकल, अनेकवचन आणि एक वाक्य मावायला हवं. प्रश्न एका शब्दाचा, तो छापील बाजूच्या मोकळ्या जागेत. ही माझी घोडचूक.

लिंग हाच माझा खरा आजार. आपल्याला वाटतं, मराठीतही तो-ती-ते आहे, जर्मन सोपं जाईल. उलट तेच आडवं येतं. आपला चमचा 'तो', त्यांचाही 'डेर ल्योफेल', ठीक. काटा आपला 'तो', त्यांची 'दी गाबेल'. सुरी आपली 'ती', त्यांचं 'दास मेसर'. खिडकी 'ती', तिकडे 'दास फेन्स्टर'. दार 'ते', तिकडे 'दी ट्यूर'. चंद्र पुल्लिंगी राहिला, पण सूर्याची झाली 'दी झोने'. मुलगी मात्र 'दास मेडशेन', नपुंसकलिंगी, कारण शेपटीला 'शेन' लागलं की 'दास'च. (हे मी आमच्या शेजारच्या काकूंना सांगितलं. त्या अजून माझ्याकडे संशयाने बघतात.) 'उंग', 'हाइट', 'काइट'ने संपणाऱ्या नामांना 'दी'. सुरुवातीला अशा प्रत्येक शब्दाला मी वेगळं कार्ड दिलं आणि दोन चांगल्या पत्रिका फुकट घालवल्या. जिथे नियम आहे तिथे नियमाचं एकच कार्ड करा.

गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर मुलाला बसवलं. पाचव्या कप्प्यातली पन्नास कार्डं घेऊन त्याने फक्त मराठी शब्द वाचायचा, कार्ड मला दाखवायचं नाही. 31 बरोबर. चुकलेल्या 19 पैकी 14 शब्द येत होते, आर्टिकल चुकत होतं. तीच 19 कार्डं मग हातात घेतली. 17 बरोबर! सोनेरी कडा म्हणजे 'दी', कुणाच्या तरी 'चि. सौ. कां.'चा शेंदरी तुकडा म्हणजे 'दास'. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही परीक्षेला पत्रिका घेऊन जा."

विस्मरणाच्या आलेखाबद्दल सगळे लिहितात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांचे निकाल छापले, अर्थहीन अक्षरांच्या याद्या घोकून. एका दिवसाने पुन्हा पाठ करताना मूळ मेहनतीची साधारण एक तृतीयांश बचत होते, महिन्याने पाचवा हिस्सा. पण माझ्या चुकीला जवळचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा, 2006 चा. एका गटाने उतारा चार सत्रांत नुसता वाचला, दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढच्या तिन्हींत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने वाचणारे 40 वर आले, आठवणारे 61 वर राहिले. आठ महिने मी स्वतःला दुसऱ्या गटात धरून चाललो होतो. निम्मा वेळ मी पत्रिका ओळखत होतो, शब्द आठवत नव्हतो.

आमची आजी हे जास्त बरं करायची. दिवेलागणीला पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा आणि साडेतीनचे पाढे) म्हणून झाली की ती मधूनच कुठलातरी आकडा फेकायची. "साताची औटकी?" साडेचोवीस. तिच्या हातात कार्ड नव्हतं, अंधारात चेहराही नीट दिसत नसे. उत्तर आपल्याच डोक्यातून काढावं लागायचं.

कार्डांच्या उजळणीचं ॲप वापरून पाहिलं का, असं विचारणाऱ्यांसाठी: पाहिलं, तीन आठवडे. चुकीप्रमाणे पुढची तारीख ॲप स्वतः ठरवतं, ते मी नेमलेल्या दिवसांपेक्षा हुशारच आहे, आणि सगळी कार्डं सारखी दिसतात हे तेव्हा मला कंटाळवाणं वाटलं होतं. आता तोच त्याचा गुण वाटतो. पण फोन हातात आला की मी आधी क्रिकेटचा स्कोअर बघतो. गणपतीत दहा दिवस दांडी मारली, परत उघडलं तर उजळणीची चारशेवर कार्डं थकलेली. काढून टाकलं. खोक्यातही थकतात, पण खोका आकडा दाखवत नाही.

शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन पांढरी कार्डशीट घेतली, तिथेच मशीनवर कापून. तीनशे कार्डांना एकशे दहा रुपये गेले. आठ महिन्यांत या पद्धतीवर झालेला हा पहिला खर्च, आणि तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता हे कबूल करताना त्रास होतोय. सगळी एकाच पेनाने, एकाच आकाराच्या अक्षरात लिहितोय. कोपरा दुमडला की कार्ड बदलायचं, कारण दुमडलेला कोपराही चुगली करतो. दर रविवारी मुलगा वीस शब्द मोठ्याने विचारतो, त्याला दर वेळी दहा रुपये. महाग आहे, पण क्लासच्या फीपेक्षा स्वस्त.

काट्याचं पांढरं कार्ड दोनदा पहिल्या कप्प्यात येऊन गेलं. काल दुसऱ्यात गेलं.

आणि परवा बायकोच्या मावसभावाची पत्रिका आली. जाड, मॅट कागद, आतली दोन्ही पानं कोरी, कडेला काही छापलेलं नाही. टेबलावर ठेवली आहे. कात्री अजून लावलेली नाही.